‘क्लाउड ॲटलस’ तासाभरात बंद केलात, म्हणून

सहा सिनेमे मिक्सरमधून काढलेत, नाकं चिकटवलेले नट ओळखायचा खेळ आहे आणि वर प्रवचन, असं तुमचं म्हणणं. सिनेमात सहा काळांतल्या सहा गोष्टी आहेत आणि तेच नट वेगवेगळ्या रूपांत त्यांत येतात. २०१२ साली तो आला, तेव्हापासून हेच ऐकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जे पटतं ते. गोऱ्या नटांना डोळे ताणून कोरियन दाखवलंय, ते तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. तिथे मी वाद घालणार नाही.

पण ‘मिक्सर’ मात्र मान्य नाही. मूळ कादंबरीत पाच गोष्टी अर्ध्यावर सोडल्यात, सहावी सलग येते आणि मग उरलेले अर्धे भाग उलट्या क्रमाने. पडद्यावर तसंच केलं असतं, तर दोन तासांनी पहिल्या गोष्टीतला माणूस कुणाच्या लक्षात राहिला असता? म्हणून वाचोव्स्की भगिनी आणि टॉम टिक्वर या दिग्दर्शकांनी १८४९ ते २३२१ हे सगळे काळ एकात एक विणले. आणि ती वीण आंधळी नाही. १८४९ मध्ये जहाजावर लपलेला गुलाम औटुआ, आपल्याला खलाशाचं काम येतं हे सिद्ध करायला डोलकाठीवर चढतो. खाली त्याच्यावर बंदूक रोखलेली. त्याच वेळी २१४४ मध्ये क्लोन नोकर सोनमी आणि तिला सोडवणारा बंडखोर चँग उंचावरच्या अरुंद पुलावरून जीव मुठीत धरून पळतायत. दोन्हीकडे पायाखाली पोकळी. तीनशे वर्षांचं अंतर त्या एका श्वासात मिटतं.

चेहऱ्यांचंही तेच. टॉम हँक्स १८४९ मध्ये पैशासाठी विष घालणारा डॉक्टर आहे, १९७३ मध्ये जिवावर उदार होऊन सत्य सांगणारा शास्त्रज्ञ आणि शेवटी २३२१ मध्ये भीतीशी झगडणारा झॅकरी. एका माणसाला सुधारायला किती जन्म लागतात, हे त्याच चेहऱ्याशिवाय दिसलंच नसतं. (जन्माच्या फेऱ्याची कल्पना ज्यांच्या घरातली, त्या आपल्याला तरी हे जड जाऊ नये!)

आणि तुम्ही पाहिलाच नाहीत तो भाग. मृत्यूच्या दारात उभी असलेली सोनमी म्हणते, मरण म्हणजे फक्त एक दार. स्वर्ग कल्पायचाच तर दार उघडेल आणि पलीकडे तो, म्हणजे चँग, वाट पाहत असेल. लगेच १८४९ मधलं दार उघडतं आणि त्या जहाजावरून घरी परतलेल्या युइंग या वकिलाला त्याची बायको भेटते. चेहरे तेच दोघांचे, डूना बे आणि जिम स्टर्जेस. मी दरवेळी इथे रडतो.

पुढे युइंग गुलामगिरीविरुद्ध काम करायचं ठरवतो. सासरा म्हणतो, तू अथांग समुद्रातला एक थेंब. युइंग विचारतो, समुद्र तरी थेंबांखेरीज दुसरं काय आहे? सुटं वाचलं तर प्रवचन वाटेल. पण समोरचा सासरा आहे ह्यूगो विव्हिंग. जवळपास प्रत्येक काळात दुबळ्यांना चिरडायला किंवा घाबरवायला आलेला चेहरा तोच. हे वाक्य त्याला ऐकवलंय.