चित्र नव्हे, हात

फोंडा, गोवा

प्रिय बाय,

चवथीच्या दुसऱ्या दिवशी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीखाली बसून तू मला तुझ्या गेमचा दुसरा भाग दाखवलास आणि मी नुसते 'बघू' म्हणून उठलो, ते तुला लागले असणार. उत्तर मला ठाऊक होते, पण ते चारचौघांत सांगवत नव्हते. तुझ्या जोडीदाराला सगळे नवे हवे आहे, तुला जुना नायक आणि जुना वाडा राखायचा आहे, आणि तुम्ही दोघेही भलत्याच गोष्टीवरून भांडत आहात.

तू म्हणालीस, माटोळीचा सांगाडा तोच राहतो, फळे बदलतात, तसेच गेमच्या मालिकेचे असते. पण सांगाडा म्हणजे नेमके काय? 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घे. जॉर्डन मेक्नरने तो 1989 मध्ये ॲपल टू संगणकावर आणला, तेव्हा आपल्या धाकट्या भावाचे धावणे आणि उड्या मारणे चित्रफितीवर टिपून त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली होती. त्यामुळे त्या राजपुत्राला वजन होते. धावताना थांबवला तरी तो थोडा पुढे जाई, कडेशी शिफ्ट दाबून पाऊल जपून टाकावे लागे आणि खोल पडला की संपला. मडगावच्या एका संगणक-वर्गात सर जेवायला गेले की मी तो खेळत असे. 60 मिनिटांच्या त्या धावपळीतला राजवाडा आता पुसट आठवतो, बोटांना मात्र ती उडी अजून पाठ आहे. म्हणून सांगतो, चित्र पाहू नकोस, हात पाहा.

1999 च्या त्रिमितीय भागात नाव तेच होते, पण नियंत्रणावर आणि कॅमेऱ्यावर टीका झाली. 2003 च्या 'द सँड्स ऑफ टाइम'मध्ये काळ मागे फिरवणारा खंजीर आला, म्हणजे पडणेच पुसता येऊ लागले; तरी त्यासाठी खंजिरात लागणारी वाळू मोजकी असल्यामुळे प्रत्येक उडीआधी बोट क्षणभर अडखळे, आणि मला जुनी ओळख तिथेच पटली. 2008 च्या भागात मात्र पडलात की एलिका नावाची सोबतीण प्रत्येक वेळी वर ओढून घेते. चित्रे देखणी, पण हाताला धाक नाही. पुन्हा तेच सांगतो, हात पाहा. याच मालिकेचा पुढचा भाग म्हणून हाती घेतलेले काम 2007 मध्ये 'असॅसिन्स क्रीड' होऊन बाहेर पडले, म्हणजे नावही गेले. 2024 च्या 'द लॉस्ट क्राउन'ने बाजूने दिसणारा जुना पट परत आणला, पण त्यातला नायक राजपुत्र नाहीच. तो पळवलेल्या राजपुत्राला सोडवायला निघालेला सार्गोन आहे. तुझा सांगाडा कुठे राहिला, बाय?

मी इतका हट्टाने का बोलतो, तेही ऐक. पुण्यातल्या एका स्टुडिओत मी मोबाइलवरच्या एका गेमची उडी महिनोन्महिने घासूनपुसून बसवली होती. दुसऱ्या भागाच्या वेळी वरून सांगणे आले की नायक हवेत जरा जास्त तरंगू दे, म्हणजे नवखे लोक कंटाळणार नाहीत. मी ते केले. जुने खेळणारे लिहू लागले की हा आमचा गेम नव्हे, आणि मी त्यांना नव्या चित्रांचे कौतुक ऐकवत राहिलो. तू विचारशील, नकार का दिला नाहीत? घरभाडे होते, आईची औषधे होती, आणि मी नाही म्हटले असते तर दुसऱ्या कोणी तेच काम एका दुपारीत उरकले असते. इतकी वर्षे हे स्वतःला सांगत आलो आहे, आज तुलाही सांगून पाहिले.

जुन्या फोनमध्ये नवा शत्रू मावत नाही, ही तुझी तक्रार मला ऐकायचीही नाही. मेक्नरच्या संगणकातही स्मृती (मेमरी) उरली नव्हती, म्हणून त्याने राजपुत्राचीच चित्रे वापरून त्याची सावली शत्रू म्हणून उभी केली, आणि लोक आजही त्या सावलीबद्दल बोलतात.

रविवारी ये. वाडा, रंग, नायक, सगळे काढून नुसते चौकोन ठेव आणि पहिला भाग खेळलेल्या तुझ्या धाकट्या भावाच्या हाती फोन दे. त्याला काही विचारायचे नाही. आपण दोघांनी फक्त त्याच्या बोटांकडे पाहत बसायचे.

तुझा,
काका