‘हात तर चांगलेच दिसतात की!’

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांची, सांगलीजवळ राहते. तीन वर्षं झाली मला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे, गोळ्या चालू आहेत. तरी सकाळी उठल्यावर दीड तास बोटं वळतच नाहीत, कणीक मळताना डोळ्यात पाणी येतं. सासूबाई म्हणतात हात तर चांगलेच दिसतात की, आम्ही साठी ओलांडली, गुडघे दुखतात तरी भाकऱ्या थापतोच ना. मिस्टर काहीच बोलत नाहीत. यंदा संक्रांतीला एकाही घरी हळदीकुंकवाला गेले नाही, खाली बसलं की उठता येत नाही आणि सगळ्यांसमोर कोणाचा तरी हात धरून उठायचं म्हणजे नको वाटतं. भिशी पण सोडली. दुपारी घरात कोणी नसलं की रडू येतं. मी आळशी झालेय का?

उत्तर : नाही गं, अजिबात नाही. (अगं-तुगं करते, मलाही हेच दुखणं आहे, १६ वर्षं झाली.) या आजारात आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि ती सूज नुसती बोटांत राहत नाही, सगळं अंग गळून जातं, ताप येऊन गेल्यावर वाटतं ना तसं. तो थकवा कामाचा नाही, आजाराचा आहे. सासूबाईंचं दुखणं खोटं नाहीये, पण ते बहुतेक वयाने झिजलेल्या गुडघ्यांचं असेल, ते चाललं की वाढतं आणि बसलं की कमी होतं. तुझं उलट आहे, रात्रभर आराम झाला की सकाळी सांधे जास्त आखडतात. म्हणून त्यांना वाटतं ही झोपून उठली तरी कुरकुरते. त्यांना आजाराचं नाव सांगू नकोस, सकाळी सातला त्यांच्यासमोर बरणीचं झाकण उघडायला घे आणि बघू देत.

घरात ‘दुखतंय’ हा शब्द इतक्यांदा वापरून झालेला असतो की तो कोणाला ऐकूच येत नाही. मी पहिली चार-पाच वर्षं तेच म्हणत राहिले आणि आतल्या आत चिडत राहिले. नेमकं सांग. ‘आठ वाजेपर्यंत माझ्याच्याने कुकरचं झाकण लागत नाही, तेवढं तुम्ही लावा.’ मिस्टरांना सांग कणीक तुम्ही मळून द्या, पोळ्या मी लाटते. पुरुष गप्प असतात ते पुष्कळदा काय करायचं हेच कळत नसतं म्हणून, निदान माझ्या घरी तरी तसंच होतं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांना सोबत ने, जे तू सांगून पटत नाही ते तिथे बसून ऐकलं की पटतं.

आणि डॉक्टरांकडे लवकर जा, कारण तीन वर्षं गोळ्या घेऊनही दीड तास सांधे आखडत असतील तर आजार अजून आटोक्यात नाहीये, औषध किंवा डोस बदलायला लागू शकतो. सहन करत बसू नकोस. रडू येतं हेही तिथेच सांग, लाजू नकोस. या आजारात डिप्रेशन इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं, सुजेचा परिणाम मनावरही होतो, मन खचलं की झोप जाते आणि झोप गेली की तेच दुखणं दुप्पट वाटतं. स्टेरॉइड चालू असेल तर त्यानेही मूड बिघडू शकतो, पण ती गोळी स्वतःहून बंद करायची नाही हं. दोन आठवडे रोज असंच वाटत असेल, कशातच मन लागत नसेल तर ते औषधपाण्याचंच काम आहे. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

आता हळदीकुंकू. आदल्या दिवशी फोन कर, ‘मी येतेय, मला एक खुर्ची ठेवा.’ एवढंच, कारण द्यायची गरज नाही. मी पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा छाती धडधडत होती, पुढच्या वर्षी त्याच घरी आणखी दोघींनी खुर्च्या मागून घेतल्या! भिशी परत सुरू कर, फक्त वेळ दुपारी चारची ठेवायला सांग, तेव्हा बोटं मोकळी झालेली असतात. ज्या दिवशी नाहीच जमणार त्या दिवशी ‘काम आहे’ असं खोटं नको सांगूस, ‘आज सांधे सुजलेत, पुढच्या वेळी नक्की’ म्हण. खोटं सांगितलं की हळूहळू बोलावणंच बंद होतं, माझं झालं होतं.

प्रश्न : आई ६३ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेत. भजनी मंडळ दुसऱ्या मजल्यावर भरतं, लिफ्ट नाही, म्हणून ती जायची बंद झाली. मी टीव्हीवर यूट्यूब लावून देतो पण ऐकत नाही, नुसती बसून असते. काय करू?

उत्तर : अरे, ती भजन ऐकायला जात नव्हती, म्हणायला जात होती, आणि शेजारी बसणाऱ्या बायकांसाठी जात होती. तुमचं घर तळमजल्यावर असेल तर महिन्यातून दोनदा मंडळ घरी बोलव, नसेल तर मंडळातल्या कोणाच्या तरी खालच्या घरी किंवा देवळात भरवता येईल का विचार. गुडघे दुखतात म्हणून बसवून ठेवू नकोस, मांडीचे स्नायू ढिले पडले की गुडघा आणखी दुखतो, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. आणि मंडळाला फोन करायच्या आधी आईला विचार.