पुढचं वाक्य कुणाचं?

अरे, तुझी स्क्रिप्ट वाचली, दोनदा वाचली. विषय भारीच आहे पण संवाद नुसते टेबल टेनिस झालेत, हा बोलला की तो, तो बोलला की हा, मधे कुणी गप्प बसतच नाही. सध्या आफ्रिकन नाटकं वाचतोयस म्हणालास ना, मग पात्रं काय बोलतात ते थोडं बाजूला ठेव आणि बोलायची पाळी कुणाला मिळते, कशी मिळते ते बघ.

वोले सोयिंकाचं १९७५ चं 'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन' घे. नायजेरियातलं ओयो, योरुबा लोकांचा राजा वारलाय आणि रीतीप्रमाणे त्याच्या घोडेस्वाराने, एलेसिनने, मागोमाग जायचंय. तिसऱ्या अंकात तो भर बाजारात तंद्रीत जायला लागतो, लांबून ढोल येतायत, आणि त्याचा स्तुतिगायक (आपला भाट म्हण हवं तर) मेलेला राजा होऊन बोलतोय, ऐकू येतंय का म्हणून विचारतोय. एलेसिन म्हणतो पुसट येतंय. बराच वेळ असं चालतं, सवाल जवाब सवाल जवाब, आणि मग अंक संपता संपता भाट एकटाच उरतो, विचारत राहतो आणि समोरून काहीच येत नाही. मी पहिल्यांदा वाचताना हा भाग लांबट वाटला म्हणून चक्क ओलांडला होता, गाढवपणा. माणूस हातातून निसटतोय हे त्या न आलेल्या उत्तरांतूनच कळतं. तुझ्याकडे बाप गेल्याची बातमी तीन जण मिळून समजावून सांगतात, कशाला?

त्याच अंकाच्या सुरुवातीला बाजारातल्या पोरी अमुसा नावाच्या पोलिसाला घेरतात, साहेबलोकांची नक्कल करत पटापट एकमेकींची वाक्यं झेलतात, त्याला मधे घुसायला फटच नाही. शेवटी एक पोरगी साहेबी आवाजात 'सार्जंट!' ओरडते आणि हा पठ्ठ्या खाडकन सावधान होऊन 'येस सर' म्हणतो! त्या नकलेत त्याला बोलायला मिळतं ते असं, हुकमाला उत्तर म्हणून.

साउथ आफ्रिकेचं 'सिझ्वे बान्सी इज डेड' पण बघ, १९७२ चं, अॅथॉल फ्युगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना तिघांनी मिळून केलेलं. त्यात स्टाइल्स नावाचं पात्र फोर्डच्या मोटार कारखान्यातला किस्सा सांगतं, गोरा फोरमन कामगारांसाठी भाषण देतोय आणि हा भाषांतर करतोय, म्हणजे करतोय असं फोरमनला वाटतंय. पाळी फोरमनची पण प्रत्येक वाक्याचा शेवट स्टाइल्सच्या ताब्यात, आणि वर हे सगळे आवाज एकच नट काढतो.

घानातल्या एफुआ सदरलँडची तर वेगळीच गंमत. अकान लोकांत गोष्ट रंगात आली की ऐकणाऱ्यांतलाच कुणीतरी मधेच गाणं सुरू करतो, त्याला म्बोगुओ म्हणतात, आणि सांगणाऱ्याने तेवढा वेळ थांबायचं. ते तिने सरळ नाटकात आणलं.

आता एक काम कर. स्क्रिप्टची प्रिंट काढ, संवादांवर कागद ठेव आणि समासातली फक्त पात्रांची नावं वरून खाली वाच. तुझी ती आजी, जिला घरात कुणी विचारत नाही असं तू लिहिलंयस, पहिल्या चार पानांत तिचं नाव सोळा वेळा आलंय, मोजलंय मी.