भारताचा फुटबॉलपटू संदेश झिंगन क्रोएशियात खेळला होता ना, मग परतला का?

करार झाला, खेळणं मात्र राहिलं. ऑगस्ट 2021 मध्ये तो तिथल्या पहिल्या श्रेणीतल्या शिबेनिक क्लबमध्ये गेला आणि लगेच दुखापत झाली. एकही अधिकृत सामना न खेळता जानेवारी 2022 मध्ये तो कोलकात्याच्या एटीके मोहन बागान क्लबकडे परतला.

सेंटर बॅकची, म्हणजे झिंगनसारख्या मधल्या बचावपटूची, अडचण वेगळीच. कडेने हल्ला करणाऱ्या विंगरला शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात. बचावाची जोडी जमली की प्रशिक्षक सहसा ती मोडत नाही. बाहेरून आलेल्याने बाकावर बसायचं.

त्याला 'फसला' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पुढे बेंगळुरू, मग 2023 पासून एफसी गोवा. गोव्याच्या फातोर्डा मैदानावर कॉर्नरच्या वेळी फक्त त्याच्याकडे बघा, चेंडूकडे नको. हातवारे करून अख्खी बचावफळी तोच लावतो.