पोर्ट अडवून कोण बसलंय?

प्रश्न : ऑफिसच्या कॉम्प्युटरला वजनकाटा सिरीयल केबलने जोडलाय. हल्ली मधेच 'पोर्ट ऑलरेडी ओपन' असा मेसेज येतो, रीस्टार्ट केलं की तासभर चालतं आणि मग परत तेच. केबल बदलून झाली. आता काय करू?

उत्तर : केबल उगाच बदललीत हो! हा मेसेज केबलचा नसतोच. विंडोजमध्ये कॉम पोर्ट, म्हणजे सिरीयल केबल जोडायची जागा, एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो, दुसरा आला की त्याला दार बंद, म्हणजे कुणीतरी आधीच आत बसलंय, आणि बहुतेक वेळा ते आपलंच बिलिंग सॉफ्टवेअर असतं, वरून बंद केलेलं पण मागे चालूच राहिलेलं. टास्क मॅनेजर उघडून डिटेल्समध्ये तेच नाव दोनदा दिसतंय का बघा, दिसलं तर सॉफ्टवेअर बंद करा आणि तरीही जे नाव उरेल त्याला एंड टास्क. मोबाईल किंवा प्रिंटरसोबत आलेली युटिलिटीसुद्धा असा पोर्ट धरून बसते.

आणि एक गंमत. काटा सतत डेटा पाठवत असेल तर कॉम्प्युटर चालू होताना विंडोजला कधीकधी तो माउसच वाटतो, मग स्क्रीनवर बाण भुताटकीसारखा उड्या मारतो. तसं होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधे माउसच्या यादीत 'सिरीयल बॉलपॉइंट' असेल, तो डिसेबल करा.

सिरीयल केबल यूएसबीत लावणारा कन्व्हर्टर असेल तर तो रोज एकाच खाचेत लावा, खाच बदलली की बऱ्याचदा कॉम ३ चा कॉम ७ होतो, पण तेव्हा मेसेज वेगळा येतो, पोर्ट सापडत नाही असा.