डेकचे जॉइस्ट बीमच्या पुढे किती काढावेत?

प्रश्न : न्यू जर्सीत घरामागे डेक, म्हणजे लाकडी ओटा, करतोय. भिंतीपासून डेकची कड १४ फुटांवर येते. ११ ते १२ फुटांच्या पट्ट्यात जुन्या मेपलची मुळं आहेत, म्हणून बीम, म्हणजे खांबांवरची आडवी तुळई, १० फुटांवर घेऊन पुढे ४ फूट ओव्हरहँग (बीमच्या पुढे अधांतरी राहणारा भाग) ठेवायचा विचार आहे. जॉइस्ट, म्हणजे भिंतीपासून बीमवरून पुढे जाणाऱ्या कड्या, टू बाय टेन (नावाला दोन बाय दहा इंच), सदर्न पाइन, १६ इंचांच्या अंतराने. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या संहितेनुसार, म्हणजे आयआरसीनुसार, ओव्हरहँग मागच्या गाळ्याच्या, म्हणजे भिंत ते बीम या अंतराच्या, जास्तीत जास्त एक चतुर्थांश. गाळा १० फूट, तर ओव्हरहँग अडीच फूट. टू बाय सिक्ससारख्या बारीक लाकडाला लांब गाळ्यावर चतुर्थांशही मिळत नाही, तेव्हा संहितेतला तक्ता बघायचाच.

दीड फुटाने काय बिघडतं? बीमपाशी जॉइस्टला वाकवणारा जोर ओव्हरहँगच्या लांबीच्या वर्गाने वाढतो. अडीचचे चार फूट केले की तो अडीचपटीहून जास्त होतो. टोक खाली जाण्याचं प्रमाण तर साधारण साडेचारपट. जॉइस्ट लगेच मोडेल असं नाही, पण डेक पावलागणिक हलेल. आणि भार नेमका कडेलाच येतो: गणपतीला वीस माणसं फोटोसाठी कठड्याशी उभी राहतात, भिंतीशी कोणी नसतं.

तुमच्या १४ फुटांत बीम साडेअकरा फुटांवर घ्या, म्हणजे ओव्हरहँग अडीच फूट राहील. या लाकडाला १६ इंचांवर १४ फुटांचा गाळा चालतो, त्यामुळे जॉइस्ट बदलायला नको. बीमवरचा भारही कमी होतो. दर चौरस फुटाला एकूण ५० पाउंड धरले तर तुमच्या आराखड्यात बीमच्या दर फुटावर ४९० पाउंड येत होते, आता सुमारे ४२६ येतील.

राहिली मुळं. ती आड येतात खांबाच्या खड्ड्याला. बीम तर त्यांच्यावरून हवेतून जातो. खांब त्याच रेषेत डावी-उजवीकडे सरकवा. दोन खांबांमधलं अंतर वाढलं तर बीम जाड करावा लागेल, आणि शेवटच्या खांबापलीकडे बीमही त्याच्या गाळ्याच्या चतुर्थांशापेक्षा जास्त काढता येत नाही. खणण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या लाइनी मार्क करून घ्या. तो फुकट असतो. बीमवर प्रत्येक दोन जॉइस्टच्या मध्ये ब्लॉकिंग, म्हणजे लाकडाचे आडवे तुकडे, ठोका. ते नसेल तर जॉइस्ट कुशीवर कलतात.

प्रश्न : ओव्हरहँगच्या टोकाला, रिमच्या फळीला (जॉइस्टची टोकं जोडणाऱ्या कडेच्या फळीला) रेलिंगचे फोर बाय फोर खांब बोल्ट केले तर पुरे का?

उत्तर : नुसत्या रिमला नाही. जमिनीपासून ३० इंचांहून उंच डेकला किमान ३६ इंचांचं रेलिंग लागतं, आणि त्याने २०० पाउंडांचा रेटा सोसायला हवा. ३६ इंच वरचा हा रेटा बोल्टपाशी पोचेपर्यंत दीड हजार पाउंडांच्या आसपास ओढ झालेली असते. जॉइस्टच्या टोकांना खिळ्यांनी मारलेली रिमची फळी ही ओढ सोसू शकत नाही. खिळे लाकडाच्या रेषेतून सरळ बाहेर निघतात. खांब दोन अर्धा इंची बोल्टांनी बसवा आणि वरच्या बोल्टाची ओढ आतून जॉइस्टपर्यंत नेणारा होल्ड-डाउन (धातूचा जोड) घ्या. अमेरिकन वुड कौन्सिलच्या डीसीए ६ या मार्गदर्शिकेत तो १,८०० पाउंडांचा मागितला आहे. खांबाला खाच पाडू नका. सगळं सामान हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या, कारण प्रेशर-ट्रीटेड लाकडातलं तांबं साध्या खिळ्यांना खाऊन टाकतं.

प्रश्न : डेकच्या दिव्यांची वायर न्यायला जॉइस्टच्या वरच्या कडेला, बीमच्या जवळ, खाच पाडली तर?

उत्तर : नको. गाळ्याच्या मधोमध जॉइस्टची खालची कड ताणाखाली असते. ओव्हरहँग असेल तिथे बीमवर उलटं होतं, ताण वरच्या कडेला येतो. खाच नेमकी तिथेच पडली की तडा तिथूनच सुरू होतो. त्याऐवजी बीमपासून दूर, गाळ्यात, जॉइस्टच्या उंचीच्या मध्यावर पाऊण इंची भोक पाडा. वर-खाली किमान दोन-दोन इंच लाकूड शिल्लक राहील एवढं पाहा.