काट्याला चिकटलेलं ते ‘रक्त’

प्रश्न : ताई, मी पेणची. मुलगी एम.एस्सी. करते. ती म्हणते, माशाला अस्थिमज्जा नसते. मग रोगाशी लढणाऱ्या पेशी येतात कुठून? आणि जिताड्याच्या पाणथरीच्या (प्लीहेच्या) पेशी तिने बाटलीत वाढवल्यात म्हणे. त्या रोगाशी लढणाऱ्याच आहेत हे कळतं कसं?

उत्तर : पेणकरणीला जिताडा साफ कसा करायचा हे मी काय सांगणार! पोट मोकळं केल्यावर मधल्या काट्याखाली काळपट लाल पट्टी उरते, ती तुम्ही नखाने खरवडून काढता ना? आपण तिला गोठलेलं रक्त समजतो. ते माशाचं मूत्रपिंड. त्याचा कल्ल्यांमागचा, डोक्याकडचा भाग मोठ्या माशात लघवीचं काम जवळजवळ सोडून देतो आणि रक्तपेशी तयार करतो. आपल्या हाडात जे चालतं ते माशाच्या त्या पट्टीत चालतं. जोडीला पाणथरी आणि कल्ल्यांजवळची थायमस ग्रंथी.

वाढवण्याचं तंत्र ऐकायला सोपं आहे. मासा दीड-दोन दिवस उपाशी ठेवायचा म्हणजे आतडं रिकामं होतं, अंग स्पिरिटने पुसायचं, पाणथरी उचलायची, बारीक तुकडे करायचे, एल-१५ नावाच्या मीडियममध्ये, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवात, २८ अंशांना ठेवायचे. या मीडियमला कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर लागत नाही, त्यामुळे गरीब लॅबचं चालून जातं. सुरुवातीला सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढलेला द्रव, सढळ हाताने, २० टक्के घालते मी. सगळा घोळ कात्रीत. पहिल्याच वर्षी माझं टोक आतड्याला लागलं. सकाळी बघते तर सहाच्या सहा फ्लास्क गढूळ, ताकासारखे. सगळं ओतून दिलं. तेव्हापासून पोट उघडायची कात्री वेगळी, पाणथरीची वेगळी.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. खरी मेख तिथेच आहे. पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली गोल, चकाकणाऱ्या पेशी दिसतात. त्या बऱ्याचशा रक्ताच्या. दोन-तीन आठवड्यांत त्या विरळ होतात आणि लांबट, चातीसारख्या पेशी तळ व्यापतात. त्या बहुतेक वेळा अवयवाला आधार देणाऱ्या. भाताच्या खाचरात तण माजावं तसं. पोरं मात्र बाटली भरली की खूश होतात. बाटलीवर ‘पाणथरी’ लिहिलं म्हणून आतल्या पेशी लढवय्या ठरत नाहीत. मग अशी लाइन, म्हणजे बाटलीत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी, फुकट का? मुळीच नाही. विषाणू जिवंत पेशीतच वाढतो. जिताड्याची पिल्लं मारणाऱ्या नोडाव्हायरससारख्यांच्या अभ्यासाला अशा पेशी लागतातच. जिताड्याच्या पाणथरीची लाइन २००६ मध्येच प्रसिद्ध झाली. तामिळनाडूत मेलविशारमच्या कॉलेजातल्या मंडळींच्या त्या कामात पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेचे रमेश भोंडेही होते.

पण लढाऊ पेशी हव्या असतील तर त्यांना काम देऊन बघावं लागतं. माझी आवडती परीक्षा यीस्टची. पावाचं यीस्ट उकळून मारायचं, काँगो रेडने लाल करायचं, पेशींवर सोडायचं आणि तासाभराने धुऊन बघायचं. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी लढाऊ पेशी, असेल तर पोटात दोन-तीन लाल मणी दिसतात. एकदा एकीने सात गिळले होते. मी अख्ख्या लॅबला बोलावून दाखवलं! कॅनडात १९९८ मध्ये रेनबो ट्राउटच्या पाणथरीतून आरटीएस-११ ही मॅक्रोफेजची टिकाऊ लाइन मिळाली, पण असं नशीब क्वचित.

बाकी तपासण्या ओळखपत्राच्या. गुणसूत्रं मोजायची, जिताड्यात ४८ असतात. सीओआय जनुक वाचून जात पक्की करायची, कारण एका लॅबमध्ये दोन माशांच्या पेशी वाढत असल्या की सरमिसळ होतेच. मायकोप्लाझ्मा हा अगदी बारीक जिवाणू आहे का तेही बघायचं. त्याने पाणी गढूळ होत नाही, म्हणून तो जास्त लबाड.

मुलीला दोनच गोष्टी विचारा : यीस्ट खाऊ घातलंस का? आणि सुरुवातीच्या पिढ्यांच्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्यास का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर आज रात्रीच लॅबला पाठवा. जेवण डब्यात द्या.